छावणीतले मत

मतदान गावाशी बांधलेले असते. मतदार यादी गावाची किंवा प्रभागाची, मतदान केंद्र जवळच्या शाळेतले, आणि ओळख पटवणारी माणसेही त्याच आळीतली. सैनिकाची नोकरी त्याला नेमकी या गावापासून दूर नेते. शांततेच्या काळात ही अडचण थोड्यांची असते; युद्धात ती लाखोंची होते. शिवाय युद्धकाळातल्या निवडणुकीत लोकांपुढे असतो तो प्रश्न बहुधा युद्धाचाच. लढाई चालू ठेवायची की तह करायचा, सक्तीची भरती करायची की नाही, याचा कौल घेताना प्रत्यक्ष लढणाऱ्याला बाहेर ठेवायचे, हा अन्याय लोकशाही मानणाऱ्या समाजांना सलत आला आहे.

यावर आजवर तीन उपाय निघाले. मतपेटी सैनिकापर्यंत न्यायची, मतपत्रिका टपालाने पाठवायची, किंवा त्याचे मत घरच्या विश्वासातल्या माणसाने टाकायचे. प्रत्येक उपायाची काही किंमत आहे. छावणीतल्या पेटीवर वरिष्ठांची नजर असते, म्हणून गुप्तता धोक्यात येते. टपालाला दिवस लागतात आणि मतमोजणी थांबत नाही. तिसऱ्या उपायात मत आपले असते, पण ते टाकणारा हात दुसऱ्याचा असतो. गुप्तता, वेळ आणि स्वतःचा हात या तिन्ही गोष्टी एकत्र राखण्याची धडपड म्हणजेच सैनिकांच्या मतदानाचा इतिहास.

१८६४ : यादवीतली निवडणूक

या धडपडीचा पहिला मोठा अध्याय अमेरिकेतल्या यादवी युद्धात घडला. १८६१ मध्ये युद्ध पेटले तेव्हा मतदानाचे कायदे प्रत्येक राज्याचे वेगळे होते आणि मतदाराने आपल्या गावी जाऊनच मत द्यावे, असे जवळपास सर्वत्र बंधन होते. पेनसिल्व्हेनियाने १८१३ मध्येच सैनिकांना छावणीत मतदानाची सवलत दिली होती. पण १८६२ मध्ये त्याच राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली. मतदार निवडणुकीपूर्वी आपल्या मतदारसंघात राहिलेला असावा, असे राज्यघटना सांगत होती. रणांगणावरचा सैनिक त्यात बसत नव्हता.

त्याच वर्षीच्या निवडणुकांत अध्यक्ष अब्राहम लिंकन यांच्या रिपब्लिकन पक्षाला अनेक राज्यांत फटका बसला. आपले समर्थक आघाडीवर गेले आणि विरोधक घरी राहिले, हे पराभवाचे एक कारण लिंकन यांनी स्वतः पत्रातून मांडले. त्यानंतर राज्यामागून राज्य कायदे बदलू लागले. पेनसिल्व्हेनियाने ऑगस्ट १८६४ मध्ये जनतेचा कौल घेऊन घटनाच दुरुस्त केली. अध्यक्षीय निवडणुकीत भाग घेतलेल्या २५ राज्यांपैकी १९ राज्यांनी तोवर कोणत्या ना कोणत्या रूपात सैनिकांना घरापासून दूर मत देण्याचा हक्क दिला होता.

हा हक्क तत्त्वावरून जितका मागितला गेला, तितकाच हिशेबावरूनही. रिपब्लिकन पक्षाला सैनिकांची मते आपल्याला मिळतील असे वाटत होते, म्हणून तो कायद्याच्या बाजूने होता. डेमोक्रॅटिक पक्षाला तीच भीती होती, म्हणून इंडियाना, इलिनॉय आणि न्यू जर्सी या राज्यांत असे कायदे झाले नाहीत. विरोधकांचा युक्तिवाद मात्र पोकळ नव्हता. ज्याच्या हुकमाने जगायचे-मरायचे, त्या अधिकाऱ्यासमोर दिलेले मत मोकळे कसे म्हणायचे, हा त्यांचा सवाल आजही प्रत्येक छावणीत लागू पडतो.

पद्धती मुख्यतः दोन होत्या. ओहायो, आयोवा, विस्कॉन्सिन यांसारख्या राज्यांनी मतदान केंद्रच पलटणीत नेले. सैनिक आपल्यातूनच निवडणूक अधिकारी नेमत, मिळेल त्या पेटीत मते गोळा करत, मतदारांची नावे वहीत लिहून घेत आणि निकालाचे कागद सीलबंद करून राज्याच्या राजधानीला पाठवत. न्यूयॉर्कने दुसरी वाट धरली. तिथला सैनिक आपली मतपत्रिका बंद पाकिटात घालून, साक्षीदारापुढे अधिकारपत्रावर सही करून, ते सारे गावातल्या एखाद्या मतदाराकडे पाठवी. मतदानाच्या दिवशी तो मतदार केंद्रावर जाऊन त्याच्या नावाने मत टाकी.

आजची गुप्त मतपत्रिका तेव्हा अमेरिकेत आलेली नव्हती. मतपत्रिका पक्ष स्वतः छापत आणि प्रत्येक पक्षाची वेगळी ओळखू येई. त्यामुळे छावणीत कोण कोणती चिठ्ठी हातात घेतो हे सगळ्यांना दिसे. गैरप्रकारही झाले. न्यूयॉर्कच्या सैनिकांच्या नावाने खोटी मते तयार केल्याबद्दल राज्याच्या काही प्रतिनिधींना ऑक्टोबर १८६४ मध्ये अटक होऊन त्यांच्यावर लष्करी खटला चालला. सरसेनापती युलिसिस ग्रँट यांनी त्याआधीच, सप्टेंबरमध्ये, युद्धमंत्र्यांना आपले मत कळवले होते. घरच्या नागरिकाइतकाच सैनिकालाही आपले मत मोजले जावे असा आग्रह धरण्याचा हक्क आहे, असे ते मानत; मात्र छावणीत प्रचाराच्या सभा आणि मते मागत फिरणे त्यांना मान्य नव्हते. मतपत्रिका वाटण्यापुरते मोजके प्रतिनिधी येऊ द्यावेत, एवढीच मुभा त्यांनी सुचवली.

ज्या राज्यांत छावणीत मतदान नव्हते, तिथे रजा हाच मार्ग उरला. इंडियानात राज्याची निवडणूक ११ ऑक्टोबरला होती. १९ सप्टेंबरला लिंकन यांनी सेनापती विल्यम शर्मन यांना पत्र लिहून, लष्कराला धोका न होता शक्य तितक्या इंडियानाच्या सैनिकांना मतदानासाठी घरी जाऊ द्यावे, अशी विनंती केली. हा हुकूम नाही, हेही त्यांनी स्पष्ट केले. आजारी आणि जखमी सैनिकांना मोठ्या संख्येने रजा मिळाली.

मताचे वजन

सैनिकांचे मत नुसते प्रतीक नव्हते, हे दोन उदाहरणांवरून दिसते. ओहायोत १८६३ मध्ये गव्हर्नरपदासाठी क्लेमंट व्हॅलँडिगहॅम उभे होते. युद्धविरोधी भाषणांमुळे त्यांना हद्दपार केले होते आणि ते कॅनडातून निवडणूक लढवत होते. सैनिकांची ४१,४६७ मते त्यांच्या प्रतिस्पर्ध्याला आणि २,२८८ त्यांना मिळाली.

दुसरे उदाहरण मेरिलँडचे. हे राज्य गुलामगिरी चालू असूनही उत्तरेच्या बाजूला राहिले होते. ऑक्टोबर १८६४ मध्ये गुलामगिरी बंद करणारी नवी राज्यघटना तिथे मतदानाला आली. घरी राहिलेल्यांनी ती २७,५४१ विरुद्ध २९,५३६ मतांनी नाकारली. मग सैनिकांची मते त्यात मिळवली गेली : बाजूने २,६३३, विरुद्ध २६३. एकूण बेरीज ३०,१७४ विरुद्ध २९,७९९ झाली आणि ३७५ मतांच्या फरकाने घटना मंजूर झाली. १ नोव्हेंबरला ती अमलात आली आणि मेरिलँडमधली हजारो माणसे कायद्याने मुक्त झाली. दूर छावण्यांतून आलेल्या तीन हजारांहून कमी कागदांनी हे घडवले.

८ नोव्हेंबरच्या अध्यक्षीय निवडणुकीत लिंकन यांच्यासमोर उभे होते डेमोक्रॅटिक पक्षाचे जॉर्ज मॅक्लेलन. ते स्वतः सेनापती होते आणि जवानांत लोकप्रिय होते. त्यांच्या पक्षाच्या जाहीरनाम्यात मात्र युद्ध थांबवून वाटाघाटी करण्याची मागणी होती. ती त्यांनी स्वतः स्वीकारली नव्हती, तरी तिचे ओझे त्यांच्यावर पडलेच. ज्या राज्यांनी सैनिकांची मते वेगळी मोजली, तिथे लिंकन यांना सुमारे १ लाख २० हजार आणि मॅक्लेलन यांना सुमारे ३४ हजार मते मिळाली. लिंकन यांना एकंदर मतदारांत सुमारे ५५ टक्के, तर या सैनिकांत सुमारे ७८ टक्के पाठिंबा होता. निर्वाचक मंडळात त्यांनी २१२ विरुद्ध २१ असा विजय मिळवल्याने केवळ सैनिकांमुळे ते निवडून आले असे म्हणता येत नाही. पण लढाई लांबली तर ज्यांचा जीव जाणार होता, त्यांनीच ती पुरी करण्याच्या बाजूने कौल दिला, याचे नैतिक वजन मतांच्या बेरजेहून मोठे होते.

या हक्काच्या कुंपणाबाहेरही पुष्कळ सैनिक राहिले. वयाची अट २१ वर्षांची असल्याने असंख्य तरुण जवानांना मत नव्हते. उत्तरेच्या सैन्यात सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय सैनिक होते. त्यांतल्या बहुतेकांना त्यांच्या राज्यांत मताधिकारच नव्हता. दक्षिणेच्या तुरुंगछावण्यांतल्या कैद्यांनी तर आपसांत नाममात्र निवडणूक घेतली. ती कुठेही मोजली जाणार नव्हती, तरी त्यांना मत द्यावेसे वाटले.

पहिले महायुद्ध : तीन देश, तीन धडे

पहिल्या महायुद्धात सैनिक समुद्रापार गेले आणि प्रश्न खंडांच्या अंतराचा झाला. ऑस्ट्रेलियाने सक्तीच्या भरतीवर दोनदा जनमत घेतले आणि दोन्ही वेळा आघाडीवरच्या सैनिकांनाही विचारले. हे सैन्य स्वेच्छेने भरती झालेले होते. १९१६ मध्ये सैनिकांची ७२,३९९ मते सक्तीच्या बाजूने आणि ५८,८९४ विरुद्ध पडली. १९१७ मध्ये १,०३,७८९ विरुद्ध ९३,९१०. देशाने दोन्ही वेळा सक्ती नाकारली. गणवेशातला माणूस सरकारच्याच बाजूने मत देतो, हा समज या आकड्यांपुढे टिकत नाही. खंदकातले हाल पाहिलेल्या जवळपास निम्म्या जवानांनी दुसऱ्याला बळजबरीने तिथे आणायला नकार दिला.

कॅनडात उलटा अनुभव आला. १९१७ च्या लष्करी मतदार कायद्याने वयाची आणि लिंगाची अट न ठेवता सेवेतल्या प्रत्येकाला मत दिले. त्यामुळे लष्करी परिचारिका देशाच्या संसदीय निवडणुकीत मत देणाऱ्या पहिल्या स्त्रिया ठरल्या. पण त्याच सुमाराच्या दुसऱ्या कायद्याने सैनिकांच्या आई, पत्नी, बहिणींना मत देताना शत्रुदेशांतून येऊन १९०२ नंतर नागरिक झालेल्यांचे मत काढून घेतले. शिवाय ज्या सैनिकाचा मतदारसंघ ठरवता येत नव्हता, त्याचे मत दुसऱ्या मतदारसंघात धरण्याची सोय होती. सैनिकांची ९० टक्क्यांहून अधिक मते सरकारला मिळाली. हक्क वाढवणारा कायदाच सत्तेच्या सोयीने कापता येतो, हे कॅनडाने दाखवले.

ब्रिटनने १९१८ मध्ये एक वेगळी, आठवणीत ठेवण्याजोगी गोष्ट केली. पुरुषांसाठी मताचे वय २१ असताना युद्धसेवेतल्यांना ते १९ व्या वर्षी मिळाले. फ्रान्स-बेल्जियममधल्या सैनिकांना मतपत्रिका टपालाने गेल्या. त्याहून दूरच्यांनी प्रतिनिधी नेमायचा होता. मतदान १४ डिसेंबरला झाले, पण मोजणी थेट २८ डिसेंबरला. मतपेट्या दोन आठवडे बंद ठेवल्या, त्या केवळ सैनिकांची पाकिटे पोचावीत म्हणून.

दुसरे महायुद्ध

अमेरिकेत १९४२ मध्ये सैनिकांच्या टपाली मतदानाचा कायदा झाला, पण निवडणुकीच्या तोंडावर. त्याचा उपयोग सुमारे २८ हजारांनाच झाला. १९४४ मध्ये अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांना साऱ्या सैनिकांसाठी एकच साधी केंद्रीय मतपत्रिका हवी होती. दक्षिणेतल्या राज्यांच्या प्रतिनिधींनी ती अडवली. त्या राज्यांत मतदान-कर आणि इतर अटी लावून कृष्णवर्णीयांना मतापासून दूर ठेवले जाई. केंद्राने मतपत्रिका दिली तर गणवेशातल्या कृष्णवर्णीयाला रोखता येणार नव्हते. अखेर असा कायदा झाला की राज्याची संमती असेल आणि राज्याची मतपत्रिका मागूनही मिळाली नसेल, तरच केंद्रीय मतपत्रिका वापरता येईल. रूझवेल्ट यांनी त्यावर सही केली नाही; तो सहीविना लागू झाला. फक्त २० राज्यांनी संमती दिली. तरीही सुमारे २६ लाख सैनिकांनी, बहुतेकांनी राज्यांच्याच मतपत्रिकांवर, मत दिले.

ब्रिटनमध्ये ५ जुलै १९४५ ला मतदान झाले आणि १९१८ चाच कित्ता गिरवत मोजणी २६ जुलैपर्यंत थांबवली गेली. मतपत्रिका विमानांनी नेल्या-आणल्या. वेळेत परतणे अवघड होते तिथे प्रतिनिधी नेमण्याची सोय होती. सुमारे १७ लाख सैनिकांची मते पडली. निकालासाठी पंतप्रधान विन्स्टन चर्चिल आणि मजूर पक्षाचे नेते क्लेमंट अॅटली पॉट्सडॅमची परिषद अर्धवट सोडून मायदेशी आले. ३९३ जागा जिंकून परिषदेला परतले ते पंतप्रधान म्हणून अॅटली.

या निवडणुकीचा एक धागा भारताशी येऊन मिळतो. ब्रह्मदेशाच्या आघाडीवरचा ब्रिटिश सैनिक इंग्लंडमधल्या आपल्या घरच्या माणसाला प्रतिनिधी नेमू शकत होता. त्याच्या शेजारी त्याच चिखलात लढणाऱ्या भारतीय जवानाला आपल्या देशाचे सरकार निवडण्याचा हक्क नव्हता. दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैन्याची संख्या सुमारे २५ लाखांवर गेली होती. १९३५ च्या कायद्यात प्रांतिक निवडणुकांसाठी मताधिकार मालमत्ता, कर आणि शिक्षण यांवर बेतलेला होता. निवृत्त सैनिक, तसेच निवृत्तिवेतन मिळणारी सैनिकाची विधवा किंवा आई यांना त्यात वेगळी जागा होती. म्हणजे लढून परतलेल्याला किंवा लढून गेलेल्याच्या घराला मत होते. पण आघाडीवर असताना ते बजावण्याची वाट नव्हती.

स्वतंत्र भारताची व्यवस्था

१९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने भारतीय सैनिकाला 'सेवा मतदार' हे नाव दिले. भूदल, नौदल, हवाई दल, केंद्रीय सशस्त्र दले, राज्याबाहेर तैनात असलेले राज्याचे सशस्त्र पोलिस आणि परदेशात नेमलेले सरकारी कर्मचारी या वर्गात येतात. जवान लडाखला असो वा अंदमानला, नोकरी नसती तर तो जिथे राहिला असता तिथेच तो राहतो, असे कायदा मानतो. म्हणून साताऱ्यातल्या अपशिंगे मिलिटरीच्या किंवा कोल्हापुरातल्या सैनिक टाकळीच्या जवानाचे नाव त्याच्याच मतदारसंघाच्या यादीत, तिच्या अखेरच्या भागात येते. या गावांत घरटी फौजी सांगितला जातो. तिथे यादीचा हा शेवटचा भाग नुसता उपचार उरत नाही. सेवा मतदारासोबत राहणाऱ्या पत्नीलाही सेवा मतदार होता येत होते, मात्र महिला अधिकाऱ्याच्या पतीला नव्हते. २०२१ च्या दुरुस्तीने 'पत्नी'च्या जागी 'जोडीदार' हा अर्थ आणून हा भेद मिटवला.

हक्क होता, पण कागदाची वाट लांब होती. उमेदवारी मागे घेण्याची मुदत संपल्यावरच मतपत्रिका छापता येते. ती दलाच्या अभिलेख कार्यालयामार्फत तुकडीपर्यंत, तुकडीतून चौकीपर्यंत जाई आणि त्याच वाटेने परते. १९९६ मध्ये माघारीची मुदत आणि मतदान यांतले किमान अंतर २० दिवसांवरून १४ दिवसांवर आले आणि टपालाचा वेळ आणखी आटला. १९९९ ची लोकसभा निवडणूक कारगिलची कारवाई संपून दीड महिना होत नाही तोच सुरू झाली. महाराष्ट्र विधानसभेची निवडणूकही त्याच सप्टेंबरात होती. डोंगरमाथ्यावरच्या ठाण्यांपर्यंत कागद नेऊन परत आणण्याचे काम किती कठीण, हे अशा वेळी उघड होते.

२००३ मध्ये प्रतिनिधीमार्फत मतदानाची सोय झाली. सशस्त्र दलांतला मतदार आपल्या मतदारसंघात राहणाऱ्या व्यक्तीला प्रतिनिधी नेमू शकतो. नेमणूक रद्द करेपर्यंत ती चालू राहते. प्रतिनिधी केंद्रावर जाऊन जवानाचे मत टाकतो आणि त्याच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाला शाई लागते. तर्जनी त्याच्या स्वतःच्या मतासाठी राखलेली असते. एका हातावर दोन माणसांच्या मताची खूण असलेली ही पद्धत विश्वासावर उभी आहे. जवानाने सांगितले तेच बटण दाबले गेले का, हे पडताळायला कोणताही कागद नाही.

टपालाचा प्रश्न मात्र तसाच राहिला. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत सेवा मतदारांपैकी जेमतेम ४ टक्क्यांची मते उपयोगी पडली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने शांतता क्षेत्रात तैनात जवानांना नेमणुकीच्या ठिकाणी सामान्य मतदार म्हणून नोंदणीचा मार्ग मोकळा झाला. ऑक्टोबर २०१६ मध्ये नियम बदलून मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठवण्याची पद्धत आली. निवडणूक आयोगाने ती सी-डॅक या पुण्यात मुख्यालय असलेल्या संस्थेच्या मदतीने तयार केली.

पद्धत अशी : निवडणूक निर्णय अधिकारी कुलूपबंद संगणकीय मतपत्रिका पाठवतो, ती उघडण्याचा पिन वेगळा येतो. जवान ती छापून घेतो, खूण करतो, आतल्या पाकिटात बंद करतो, अधिकाऱ्याने साक्षांकित केलेले घोषणापत्र जोडतो आणि सारे बाहेरच्या पाकिटात घालून टपालाने, तिकीट न लावता, परत पाठवतो. मोजणीच्या वेळी पाकिटांवरचे क्यूआर कोड वाचून एकाच मतदाराची दोन पाकिटे आली नाहीत ना, हे तपासतात. २०१९ मध्ये १८,०२,६४६ सेवा मतदारांपैकी १०,८४,२६६ जणांच्या मतपत्रिका परत आल्या. प्रमाण ६० टक्क्यांहून थोडे अधिक.

युद्धात निवडणूक घ्यावी का

काही वेळा निवडणूकच पुढे ढकलणे योग्य ठरते. १९७३ मध्ये योम किप्पूर युद्धामुळे इस्रायलने ३० ऑक्टोबरची निवडणूक ३१ डिसेंबरला घेतली आणि आघाडीवरच्या सैनिकांसाठी तिथेच केंद्रे उघडली. तिथे सैनिकांचे मत दुहेरी पाकिटातून जाते, म्हणजे मतदाराची ओळख बाहेरच्या पाकिटावर पटते आणि मत आतल्यात गुप्त राहते. युक्रेनमध्ये लष्करी कायदा लागू असेपर्यंत निवडणुकांना बंदी असल्याने मार्च २०२४ ची अध्यक्षीय निवडणूक झाली नाही. भारताच्या राज्यघटनेतही आणीबाणीच्या काळात संसदेच्या कायद्याने लोकसभेची मुदत एका वेळी एक वर्षापर्यंत वाढवता येते.

उरलेला प्रश्न

तीन उपायांचे हिशेब मांडले तर काय सुटले आणि काय राहिले, ते स्पष्ट होते. छावणीतल्या उघड चिठ्ठीची जागा गुप्त मतपत्रिकेने आणि दुहेरी पाकिटाने घेतली. तरी घोषणापत्रावर सही करणारा अधिकारी खूण करण्याच्या क्षणी जवळ नसावा, हे कायद्याइतकेच तुकडीच्या शिस्तीवर अवलंबून आहे. प्रतिनिधीची सोय दूरच्या जवानाला आधार देते, पण घरात दोन मते असतील तर तिची परीक्षा होते. वेळेच्या बाबतीत भारताने अर्धी वाट जिंकली आहे. कोरा कागद आता क्षणात पोचतो. खूण केलेला कागद मात्र अजून बर्फातून, खिंडीतून, टपालाच्या थैलीतूनच येतो.

मोजणीच्या दिवशी टपाली मते सर्वांत आधी हाती घेतली जातात. मोजणी सुरू होण्याची ठरलेली वेळ, साधारणतः सकाळी ८, हीच त्या पाकिटांची शेवटची मुदत असते. त्यानंतर आलेले पाकीट न उघडता बाजूला ठेवले जाते. ब्रिटनने दोन महायुद्धांच्या अखेरीस अशा पाकिटांसाठी मोजणी थांबवली. भारताने पाकीट लवकर निघावे अशी तजवीज केली. २०१९ मध्ये परत न आलेल्या सात लाखांहून अधिक मतपत्रिकांपैकी ज्या वाटेवर अडकल्या, त्यांच्यासाठी या दोन मार्गांचा मेळ घालणे, म्हणजे कागद वेगाने आणणे आणि जिथे तो वेगाने येऊच शकत नाही तिथे वाट पाहणे, हे काम अजून बाकी आहे.